फोन पालथा ठेवा

गेली काही वर्षं मी आमच्या घरातला पेशंट आहे. मला काहीही झालेलं नाही. साखर नाही, बीपी नाही. गुडघे जरा कुरकुरतात, पण ते पीटीच्या मास्तराचे गुडघे आहेत. आयुष्यभर मैदानावर पोरांच्या मागं फिरले, त्यांना तेवढा हक्क आहे. वजन नव्वदच्या वर, आणि आईबापानं हौसेनं नाव ठेवलं सुकुमार. सुकुमार मगदूम. या नावाची थट्टा मी नोकरीभर सोसली. रिटायर झाल्यावर बायकोनं मला कॉटवर आडवं करून त्या थट्टेवर कळस चढवला.

बायकोचं नाव त्रिशला. मिरज हे दवाखान्यांचं गाव, आणि त्यातल्याच एका मोठ्या दवाखान्यात ही सिस्टर होती. तिचं एक म्हणणं होतं, आणि ते मी जेवताना इतक्यांदा ऐकलंय की मला पाठ आहे. माणूस दवाखान्यात वाचतो, पण बरा होतो तो घरी. आणि घरी त्याला सांभाळणाऱ्याला कुणी काही शिकवत नाही. डिस्चार्जच्या दिवशी बिल, औषधांची पिशवी, फाइल, गाडी बोलवायची घाई. त्या घाईत सिस्टर दारात उभी राहून सांगणार, कूस बदलत राहा, बसवून भरवा. ऐकणारा मुंडी हलवणार, हो सिस्टर, हो सिस्टर. डोक्यात काही शिरलेलं नसतं. मग तोच पेशंट थोड्या दिवसांनी पाठीला जखमा घेऊन परत येतो.

म्हणून रिटायर झाल्यावर हिनं फोन स्टँडला लावला, मला पेशंट केलं आणि 'घरचा वॉर्ड' नावाचं चॅनल काढलं. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "हे बघणार कोण?"

"दारातला माणूस," ती म्हणाली. "डॉक्टरांसाठी नाही, नर्सिंगच्या पोरींसाठी नाही, आणि सगळ्यांसाठी तर नाहीच नाही. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात फाइल, आणि आता घरी जाऊन काय करू म्हणून दारातच थबकलेला जो माणूस असतो ना अहो, त्याच्यासाठी. त्याला कळणार नाही असा एक शब्द मी बोलणार नाही."

आणि खरंच बोलली नाही. एका व्हिडिओत एकच काम. चादर पेशंट न उठवता कशी बदलायची. दाढी कशी करायची. मला कूस बदलून बदलून तिनं असं लाटलंय म्हणता, की आमच्या शेजारचे लोक गच्चीवरून विचारायचे, काय पेशंट, आज डाव्या कुशीवर की उजव्या?

सगळ्यात अवघड व्हिडिओ भरवण्याचा. त्यातलं शास्त्र मला आधी माहीत नव्हतं, तुम्हालाही नसेल, म्हणून सांगतो. आपल्या गळ्यात दोन वाटा शेजारी शेजारी असतात, एक अन्नाची, एक श्वासाची. घास आला की श्वासाच्या वाटेवर झाकण पडतं आणि घास बरोबर पोटात जातो. पक्षाघात झालेल्या माणसाचं हे झाकण आळसावतं. उशिरा पडतं, अर्धवट पडतं. मग घासातला थोडा ऐवज फुप्फुसात उतरतो आणि तिथं कुजतो. आपल्याला ठसका तरी लागतो. काहींना तोही लागत नाही, आणि घरच्यांना वाटतं, आज किती छान जेवले.

त्याला औषध एकच, थांबणं. ही मला टेकवून ताठ बसवायची, हनुवटी जरा खाली घ्यायला लावायची, अर्धा चमचा पेज द्यायची आणि गप्प बसायची. माझ्या गळ्याची घाटी वर जाऊन खाली येते का ते बघायची. मग तोंड उघडायला लावून आत काही उरलं नाही ना ते बघायची. मग म्हणायची, "आ म्हणा." आवाज पाण्यातून आल्यासारखा ओला आला तर घास अजून वाटेतच आहे. सगळं ठीक असेल तरच पुढचा चमचा. त्या व्हिडिओत बोलणं कमी आणि गप्प बसणंच जास्त होतं. मला पेज मुळीच आवडत नाही, हे या निमित्तानं लिहून ठेवतो.

चॅनल बेताचंच चालायचं. मग आमची मुलगी प्रांजल सुट्टीला आली. ती पुण्याला एका व्हिडिओ कंपनीत आहे, आणि येताना त्या कंपनीचं नवं यंत्र घेऊन आली. यंत्र म्हणजे एक पाटीएवढा पडदा, कॅमेऱ्याच्या मागं ठेवायचा. त्याचं नाव 'समोरचा'.

प्रांजलनं समजावलं ते असं. आताच्या फोनच्या पुढच्या कॅमेऱ्याला तुमची नजर कुठं आहे ते कळतं. बुबुळ कुठं वळलं, पापणी कधी जड झाली, ओठाचा कोपरा कधी हलला. आपण परवानगीच्या चौकटीवर न वाचता बोट टेकवतो तेव्हाच हे सगळं देऊन बसलेलो असतो. हजारो बघणाऱ्यांची ही माहिती एकत्र करून यंत्र त्या सगळ्यांचा मिळून एक चेहरा तयार करतं. व्हिडिओ करताना तो चेहरा तुमच्या समोर बसतो. तुम्ही रंगात आलात की तो पुढं सरकतो, तुम्ही लांबण लावली की इकडं तिकडं बघायला लागतो. प्रेक्षक घरी बसून पुढं जे करणार ते तो आत्ताच करून दाखवतो.

तिनं पडदा चालू केला. त्यात चाळिशीचा, थोडं पोट सुटलेला, झोप न झालेला एक माणूस आला. त्रिशला बघतच राहिली.

"अगं, हाच की तो," ती म्हणाली. "दारातला."

तिला तो फार आवडला, हे मला कबूल केलं पाहिजे. माझ्याशी लग्नाला इतकी वर्षं झाली, पण माझ्या चेहऱ्याकडं बघून तिनं कधी वाक्य बदललेलं मला आठवत नाही. त्या पडद्यातल्या माणसाच्या कपाळाला आठी पडली की ही लगेच सोपा शब्द शोधायची. तेवढ्यापुरतं यंत्र उत्तम होतं. व्हिडिओ सुटसुटीत झाले.

त्याला सगळ्यात आवडला 'आजारी माणूस रुसला तर' हा व्हिडिओ. त्यात मी तोंड फिरवून बसतो आणि ही मला आग्रह करते. "घ्या बरं, एवढा एक. माझ्यासाठी घ्या. ताटात टाकून उठायचं नसतं. हा शेवटचा." समोरचा असा हसला, जणू त्याची आईच भेटली. लग्नात जिलबीचा आग्रह करणारी माणसं आपण. आपल्याकडं पहिल्या 'नाही'ला कुणी 'नाही' धरत नाही, दुसऱ्यालाही नाही. तो व्हिडिओ धो धो चालला.

भरवण्याच्या व्हिडिओत मात्र समोरचा जांभया द्यायचा. ही गप्प बसली की त्याची नजर लगेच पडद्याबाहेर. प्रांजल म्हणाली, "आई, हे थांबणं जरा छाट ना."

"ते छाटलं तर उरलं काय?" ही म्हणाली, आणि तो व्हिडिओ तिनं होता तसा ठेवला.

पुढच्या वर्षी यंत्र आणखी शिकलं. आता सगळ्यांचा मिळून एक समोरचा नव्हता, ज्याचा त्याचा वेगळा होता. तयार सदरा सगळ्यांना एकाच मापाचा येतो, शिंपी ज्याच्या त्याच्या अंगाला बेतून देतो, तसं. व्हिडिओ तुम्ही एकच टाकायचा. बघणाऱ्याची नजर जिथं उडते तिथलं यंत्र त्याच्यापुरतं कापणार, आणि तुमच्याच दुसऱ्या व्हिडिओतला त्याला आवडलेला तुकडा तिथं बेमालूम जोडणार. आवाज तुमचा, चेहरा तुमचा. प्रांजलच्या चमूनंच हे केलं होतं. पोरगी दिवाळीला आली ती हवेतच होती. त्रिशलानं चष्मा न लावता परवानगीवर बोट टेकवलं. मुलीचं काम होतं, कशाला वाचायचं?

चॅनल लाखांत गेलं. आणि खोटं कशाला बोलू, चांगलंही झालं. बेळगावच्या एका बाईनं फोटो पाठवला, तिच्या सासऱ्याची पाठीची जखम भरली होती. गडचिरोलीचा एक पोरगा वडिलांची दाढी करताना दिसला, दोघंही हसत होते. एरवी ज्यांनी असला व्हिडिओ अर्धा मिनिटही बघितला नसता त्यांनी शेवटपर्यंत बघितला. मी बाजारात गेलो की लोक भाजी बाजूला ठेवून विचारायचे, आता कसं आहे? मी म्हणायचो, आज जरा बसवलं होतं.

उन्हाळ्यात एका दुपारी दारात एक तरुण आला. हेल्मेट हातात, शर्ट घामानं भिजलेला. त्या पडद्यातल्या माणसासारखा तो अजिबात नव्हता. काटकुळा, फार तर तिशीचा.

"मगदूम सिस्टर इथंच राहतात का ओ?"

त्रिशला बाहेर आली. तो वाकून पाया पडला आणि तसाच उभा राहिला.

"मी सूरज जमदाडे. तासगावचा, बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजला असतो. आईला पक्षाघात झालाय. बोलता येत नाही, उजवी बाजू गेलीय. घरी आम्ही दोघंच. तुमचा व्हिडिओ लावूनच मी तिला भरवतोय, दोन्ही वेळा." त्यानं हेल्मेट खाली ठेवलं. "परवा ताप आला. आता हितं मिरजेत ॲडमिट आहे. डॉक्टर म्हणतात, फुप्फुसात अन्न गेलंय. मी भांडायला नाही आलो सिस्टर. तुम्ही सांगितलंय तसंच केलं मी. माझं काय चुकलं तेवढं सांगा."

त्रिशलानं त्याला बसवलं, पाणी दिलं, आणि तिच्या वॉर्डातल्या आवाजात म्हणाली, "कसं भरवतोस ते करून दाखव. अहो, बसा."

म्हणजे मी. मी कॉटवर टेकून बसलो, हनुवटी खाली घेतली. पेज नव्हती, तर तिनं दुपारची आमटी भातात कालवून पातळ करून दिली. सूरजनं त्याचा फोन उशीला टेकवून उभा केला आणि व्हिडिओ लावला. हात स्वच्छ धुतले. चमचा अर्धाच भरला. सगळं बरोबर. मी पहिला घास घेतला. सूरज खाली वाकून माझ्या गळ्याकडं बघायला लागला.

आणि फोनमधून त्रिशलाचा गोड आवाज आला, "घ्या बरं, एवढा एक. माझ्यासाठी घ्या."

त्यानं चमचा पुढं केला. मी घेतला. "हा शेवटचा," फोन म्हणाला. पुन्हा चमचा. पहिल्याचा निकाल लागला नव्हता तोवर दुसरा, दुसरा जातोय तोवर तिसरा. "ताटात टाकून उठायचं नसतं." आता नाही म्हणायचं तर तोंडात घास, आणि समोर इतक्या प्रेमानं बघणारं पोरगं. मी धडधाकट माणूस, पण मला असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी आलं. सूरज घाबरून माझी पाठ चोळत बसला.

त्रिशला माझ्याकडं आलीच नाही. तिनं फोन उचलून कानाला लावला होता. मग तिनं आपला फोन आणला, तोच व्हिडिओ लावला आणि दोन्ही फोन शेजारी ठेवले. तिच्या फोनवर ती घास देऊन गप्प बसली होती. सूरजच्या फोनवर तीच त्रिशला, त्याच साडीत, आग्रह करत होती.

"हा आवाज माझा आहे," ती हळू म्हणाली. "पण हे मी इथं बोललेच नाही." मग तिनं सूरजला विचारलं, "भरवताना तू फोनकडं बघत नव्हतास ना?"

"कसं बघणार ओ? गळ्याकडं बघायचं, असं तुम्हीच सांगितलंय की."

ती खाली बसली. मला आधी काही उलगडलं नाही. तिला त्या क्षणीच कळलं असावं, कारण तिचा चेहरा मी इतका पांढरा कधी बघितला नव्हता.

"सुरुवातीला तुझा व्हिडिओ माझ्यासारखाच होता का?" तिनं विचारलं.

सूरज म्हणाला, "हां. आधी तुम्ही बराच वेळ गप्प असायचा. नंतर बोलायला लागला. मला वाटलं, आई जरा सुधारली असेल, म्हणून पुढचा धडा आला."

त्याच संध्याकाळी तिनं भरवण्याचा व्हिडिओ काढून टाकला आणि चॅनलवर सूचना टाकली, हा बघून कुणाला भरवत असाल तर थांबा, मला फोन करा. तिचा नंबर दिला. मग प्रांजलला फोन करून सांगितलं, ताबडतोब ये.

प्रांजल दुसऱ्या दिवशी हजर झाली. सूरजच्या फोनची सगळी नोंद तिनं उघडून बघितली. पहिल्या जेवणाला व्हिडिओ पूर्ण होता. त्रिशला गप्प बसली की सूरजची नजर पडद्यावरून जायची, आईच्या गळ्याकडं. यंत्राला आई दिसत नाही, त्याला फक्त बुबुळ दिसतं. त्यानं लिहिलं, कंटाळला. दुसऱ्या जेवणाला तेवढं थोडं कापलं. तरी नजर जातेच म्हटल्यावर आणखी कापलं, आणि कंटाळलेल्या माणसाला आवडेल असा आग्रहाचा तुकडा जोडला.

"म्हणजे ज्यांनी नुसता बसून बघितला, त्यांचा व्हिडिओ जवळजवळ तसाच राहिला," प्रांजल म्हणाली. "आणि ज्यांनी आईचं ऐकून हातानं केलं..."

"त्यांचा सगळ्यात जास्त कापला," त्रिशला म्हणाली.

मला राग आला. आणि मला राग आला की माझा आवाज मैदानाच्या पलीकडच्या टोकाला जातो. "शिकला सवरलेला अख्खा चमू बसला होता ना तुमचा? काम करणारा माणूस कामाकडं बघतो, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही? घरी कुणी कधी कणीक मळली नाही का?"

प्रांजल रडायला लागली. "बाबा, आम्ही तपासलं होतं. पण आम्ही नाचाचे, गप्पांचे, विनोदाचे व्हिडिओ घेऊन तपासलं. त्यात नजर गेली म्हणजे माणूस गेलाच."

"पुरे हो," त्रिशला मला म्हणाली. "तिला कशाला बोलता? बोट मी टेकवलंय." आणि पोरीला तिनं जवळ घेतलं. मी आपला गच्चीवर जाऊन फेऱ्या मारत बसलो. राग उतरल्यावर मला फक्त भीती वाटत होती, दवाखान्यातल्या त्या माउलीचं काय होणार याची.

सूरजच्या आईचं नाव मालन. त्रिशला रोज दवाखान्यात जायला लागली, मी डबा घेऊन मागं. ताप उतरत गेला. नाकातून नळी घातली होती, तिच्यातून दूध आणि औषध. मालनबाई डाव्या हातानं ती नळी सारखी ओढायच्या, म्हणून तो हात कॉटच्या दांडीला मऊ पट्टीनं बांधून ठेवला होता. उजवा हात तर गेलेलाच. त्या नुसत्या छताकडं बघत पडून असायच्या. सूरज आला की डोळे त्याच्यावर लावायच्या आणि पुन्हा छताकडं.

मग डॉक्टरांनी गळ्याला चिकटवायची एक नवी पट्टी निघालीय, ती लावून तपासलं. तिच्यातून झाकण कसं पडतं याचा आलेख येतो. डॉक्टर म्हणाले, गिळणं परत येतंय, सावकाश तोंडानं सुरू करा. हेच दिवस आहेत. आता सवय लागली नाही तर नळी कायमची राहील.

सूरज म्हणाला, "नळी राहू द्या."

आम्ही त्याला बाहेर बाकावर घेऊन बसलो. तो जमिनीकडं बघत बोलत होता. "माझ्या आईनं मला कधी अर्धपोटी उठू दिलं नाही. स्वतःच्या ताटातलं उचलून वाढायची. आता ती बोलत नाही. भूक लागलीय का पोट भरलंय, मला कळत नाही. म्हणून मी आपला एक एक जास्तच देत गेलो. तुमचा आवाजही तेच सांगत होता. आता माझा हातच पुढं जात नाही सिस्टर. तुम्ही भरवा. नाहीतर नळी राहू द्या."

"मी आज भरवीन, उद्या भरवीन," त्रिशला म्हणाली. "परवा तासगावला तिला कोण भरवणार? हात किती दिवस बांधून ठेवायचा तिचा?"

सूरज उठून वॉर्डात गेला. आम्ही डबा उचलून घरी आलो.

घरी प्रांजल थांबली होती. कंपनीशी तिचं रोज वाजत होतं. तिथले साहेब म्हणाले, यंत्र बदलू, पण वेळ लागेल. मोजायचं तर नजरच मोजावी लागते, दुसरं काय मोजणार? यंत्र नको असेल तर चॅनल त्यातून काढा. पण मग नव्या माणसांसमोर तुमचे व्हिडिओ आम्ही ठेवणार नाही.

त्रिशलाला हेच खात होतं. आजही कुठल्या तरी दवाखान्याच्या दारात माणूस उभा असणार. त्याच्यापर्यंत पोचायचं तर यंत्र हवं, आणि यंत्रातून पोचलं तर व्हिडिओ त्याच्या हातात पोचेपर्यंत भलताच होणार. ती जेवली नाही. मी आग्रह केला नाही, या दिवसांत तो शब्दच आमच्या घरात कुणी काढत नव्हतं.

"कॅमेऱ्याला काहीच दिसलं नाही तर यंत्र काय करतं गं?" तिनं मध्येच प्रांजलला विचारलं.

"काहीच दिसलं नाही तर? नजरेची माहितीच नसेल तर कापणार कशावरून? मूळ आहे तसा वाजवतं."

"मग बघूच नका म्हणून सांगू या."

प्रांजल म्हणाली, "आई, न बघण्याचा व्हिडिओ? कंपनीच्या हिशेबानं तो कुणी बघितलाच नाही असं धरतील. तळाला जाईल."

"जाऊ दे तळाला. बाकीचे राहू देत आहेत तसे, दाढीचे, चादरीचे. त्यात थोडं कापलं म्हणून कुणी मरत नाही. पण प्रत्येकाच्या शेवटी मी तोंडानं सांगीन, भरवायचं असेल तर हा निराळा व्हिडिओ शोधा. आणि यायचे त्यांचे फोन येतीलच मला."

फोन येतच होते. त्या सूचनेपासून दिवसभर तिचा फोन वाजत होता आणि ती प्रत्येकाशी बोलत होती. काहींचे व्हिडिओ सूरजसारखेच झाले होते. देवाच्या कृपेनं कुणाचं फार बिघडलं नव्हतं, पण दोघांना तिनं लगेच दवाखाना गाठायला लावलं.

नवा व्हिडिओ दुसऱ्या दिवशी केला. चित्र नाही, नुसता काळा पडदा आणि आवाज. 'समोरचा' तिनं लावलाच नाही. त्याच्याऐवजी सूरजला बोलवून समोर बसवलं आणि त्याच्याशी बोलली. मी नेहमीसारखा पेशंट, कारण मला खरंच गिळायचं होतं आणि तिला खरंच थांबायचं होतं.

"फोन पालथा ठेवा," अशी सुरुवात होती. "माझ्याकडं बघू नका. तुमच्या माणसाकडं बघा. मी मध्ये मध्ये गप्प बसेन, तेव्हा फोन बिघडला असं समजू नका. मी थांबलेय, तुम्हीही थांबा. घाटी वर जाऊन खाली आली का? तोंड रिकामं आहे का? नसेल तर मी पुढचा म्हटलं तरी थांबून राहा, घाई करू नका." मग तिनं आणखी एक वाक्य घातलं, जे जुन्या व्हिडिओत नव्हतं. "आग्रह करू नका. ज्याला बोलता येत नाही त्याचं 'नाही' ओळखायला शिका, आणि ते पहिल्यांदाच ऐका."

सूरज मान खाली घालून ऐकत होता. रेकॉर्डिंग संपलं. मग म्हणाला, "उद्या सकाळी येता का ओ? मी बघतो करून."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे मालनबाईंच्या कॉटभोवती. डॉक्टरांनी नळी काढली होती. वॉर्डातल्या सिस्टरनी हाताची पट्टी सोडली तेव्हा मालनबाईंनी डावा हात पोटावर घेतला आणि त्याच्याकडं बघत राहिल्या. मनगटावर वळ उठला होता. सूरजनं तो थोडा वेळ चोळला. मग त्यांना ताठ बसवलं, हनुवटी जरा खाली घेतली, आणि फोन पालथा करून चादरीवर ठेवला.

वाटीत गव्हाची पातळ खीर होती. सूरजनं चमचा अर्धा भरला आणि वाटीत पुन्हा ओतून पाव केला. त्यानं तो दिला आणि गळ्याकडं बघत बसला. फोन गप्प. वॉर्डात कुणाचा तरी पंखा खडखडत होता. मला वाटलं, आता बोलावं काहीतरी, धीर द्यावा. त्रिशलानं माझा दंड धरून ठेवला होता.

घाटी वर गेली. खाली आली. "आई, आ कर." बाईंनी तोंड उघडलं. रिकामं होतं. आवाज आला, खरखरीत, पण कोरडा. तेव्हा कुठं फोन म्हणाला, आता पुढचा.

दुसरा गेला. तिसरा गेला. प्रत्येकाला इतका वेळ, की माझं सकाळचं जेवण असतं तर मी ताट घेऊन पळालो असतो. मालनबाईंच्या गालांना जरा रंग आल्यासारखा मला वाटला. खीर निम्मी झाली असेल नसेल. सूरजच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच हसू आलं, आणि त्यानं पुढचा चमचा भरून उचलला.

मालनबाईंनी डावा हात सावकाश उचलला आणि वाटीवर आडवा धरला.

सूरजचा चमचा हवेतच राहिला. वाटीत खीर बाकी होती. आईनं इतक्या दिवसांत पोटात घेतलेलं पहिलं खरं अन्न, आणि समोर पोटचं पोरगं. त्यानं एकदा त्रिशलाकडं बघितलं. ती काही बोलली नाही. फोनही बोलत नव्हता.

"बरं आई," तो म्हणाला, आणि त्यानं वाटी खाली ठेवली.